हरभऱ्याच्या झाडावर, सहावा मजला

आमच्या अण्णांच्या मते पुणं लकडी पुलाशी संपतं. पुलापलीकडे डेक्कन आहे हे ते नाकारत नाहीत. फक्त ते अजून नवीन आहे, आणि नव्या गोष्टीबद्दल घाईने मत देऊ नये, असं त्यांचं मत आहे. कोथरूडला जायचं तर ते सकाळी लवकर निघतात, टोपी आणि पाण्याची बाटली घेतात आणि परतीची शेवटची बस किती वाजता आहे ते जाण्याआधीच विचारून ठेवतात. अशा माणसाला मला सांगायचं होतं की आम्ही वाघोलीला फ्लॅट बघतोय. मी मुद्दाम जेवताना सांगितलं, कारण जेवताना ते कमी बोलतात.

वरणभात कालवता कालवता अण्णा म्हणाले, "म्हणजे नगर जिल्ह्यात जाणार तुम्ही."

वाघोली पुणे जिल्ह्यात, हवेली तालुक्यात आहे. नुसती आहे असं नाही, तर 2021 च्या जूनअखेर आणखी बावीस गावांबरोबर ती महापालिकेच्या हद्दीतही आली आहे, हे मी त्यांना समजावलं.

"हद्द गेली असेल तिकडे," अण्णा म्हणाले, "गाव कुठे आलंय इकडे?"

मी विषय थांबवला. त्यांचं बरोबर आहे असं मला वाटलं म्हणून नव्हे. ताक आलं होतं.

घर घ्यायची घाई मला नव्हती, आमच्या घरमालकांना होती. वडगाव शेरीत आम्ही भाड्याने राहत होतो आणि करार अकरा महिन्यांचा. आमच्या मुलीचा वाढदिवस बारा महिन्यांनी येतो, भाड्याचा अकरा महिन्यांनी येतो. त्यामुळे दर वर्षी भाडं मुलीपेक्षा एका महिन्याने मोठं होत गेलं. शेवटच्या वेळी मालक म्हणाले, "या भाड्यात थोडी भर घालून तुमचा स्वतःचा हप्ताच सुरू होईल की!" भाडं वाढवणाऱ्या माणसाचा सल्ला सहसा घेऊ नये. आम्ही घेतला.

एका प्रकल्पाच्या जाहिरातीवर मी नुसता नंबर टाकला आणि आमच्या आयुष्यात चॅनल पार्टनर आले. माझ्या लहानपणी या माणसाला दलाल म्हणत. मग तो एजंट झाला, मग ब्रोकर झाला. आता चॅनल पार्टनर. दर पदोन्नतीला त्याचा शर्ट अधिक इस्त्रीचा होत गेलाय. आठवड्याभरात मला अशा एकवीस जणांचे फोन आले आणि प्रत्येकाने विचारलं, "सर, प्रॉपर पुण्यातच बघताय की अप्पर खराडीला?"

अप्पर खराडी हे वाघोलीचं माहेरचं नाव नाही, सासरचं आहे. पुण्यात घर विकायचं असलं की आधी गावाचं लग्न लावून देतात. म्हाळुंग्याचं बाणेरशी लागलं, ती बाणेर अ‍ॅनेक्स झाली. महंमदवाडी एनआयबीएम अ‍ॅनेक्स झाली. वाघोलीच्या नशिबी खराडी आली आणि नुसती खराडी नव्हे, अप्पर. रेल्वेत लोअर बर्थ मिळाला नाही की अप्पर घ्यावा लागतो, तसंच हे आहे. खराडी आम्हाला परवडत नव्हती, म्हणून आम्ही वर चढलो. हे अण्णांना सांगितल्यावर मात्र वेगळाच घोटाळा झाला. पुण्यातल्या जुन्या माणसाला 'अप्पर' एकच ठाऊक असतं, बिबवेवाडीच्या वरचं अप्पर इंदिरानगर. "मग स्वारगेटवरून बस आहे," ते उत्साहाने म्हणाले, "नगर रोडला कशाला फिरता उगाच?"

पिनकोड मात्र लग्नानंतर बदलत नाही. खराडीचा 411 ने सुरू होतो, वाघोलीचा 412 ने. तीन आकड्यांत एकाचा फरक. पण पत्ता लिहून देताना आमच्या सोसायटीतल्या मोठ्या हुद्द्यावरच्या माणसांचाही हात तिथे क्षणभर थबकतो, हे मी नंतर डोळ्यांनी पाहिलं आहे.

एका रविवारी साइट व्हिजिट ठरली. त्यांनीच गाडी पाठवली. प्रकल्पाचं नाव इटलीतल्या कुठल्याशा गावाचं होतं. मी ते आजही दोन प्रकारे उच्चारतो आणि दोन्ही चूक आहेत असं मुलगी सांगते. गेटवर कमान, कमानीत कारंजं, कारंज्यात पाणी. नंतर लक्षात आलं की त्या परिसरात पाणी बघण्याची ती एकमेव खात्रीची जागा होती. आत गेल्यावर कैरीचं पन्हं काचेच्या उंच ग्लासात आलं आणि मी बायकोकडे बघितलं. आमच्या लग्नानंतर आम्हाला इतक्या अदबीनं कुणी बसवलं नव्हतं.

टेबलावर भिंतीएवढा नकाशा. त्यात विमानतळ आमच्या सोसायटीच्या पार्किंगला लागून होता आणि खराडीचं आयटी पार्क हाकेच्या अंतरावर. नकाशाच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की तो प्रमाणात काढलेला नाही. हा फारच प्रामाणिकपणा होता. सेल्सचा मुलगा लेझरचा लाल ठिपका फिरवत होता. पंचविशीचा असेल, पण डोळे ज्योतिषाचे.

"सर, हा रिंगरोड. प्रस्तावित आहे. ही मेट्रो, प्रस्तावित. हा दोनशे फुटी रस्ता, हे हॉस्पिटल, ही इंटरनॅशनल स्कूल..."

"प्रस्तावित?" बायकोने विचारलं.

"नाही मॅडम, स्कूल आहे. बस तिथपर्यंतचा रस्ता प्रस्तावित आहे."

मराठीला तीन काळ असतात असं आम्हाला शाळेत शिकवलं. शहराच्या कडेला चौथा असतो, प्रस्तावित काळ. त्याचं वैशिष्ट्य असं की त्यातल्या क्रिया होत नाहीत, पण त्यांचे पैसे वर्तमानकाळात घेतले जातात. त्या मुलावर मी अन्याय करत नाही. त्याची मेट्रो पुढे खरंच हलली. 2024 च्या मार्चमध्ये ती रामवाडीपर्यंत आली आणि 2025 च्या जूनमध्ये रामवाडी ते वाघोली या विस्ताराला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. 'प्रस्तावित'ची बढती 'मंजूर' या पदावर झाली. त्या संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर पेढ्यांची चित्रं आली आणि आमच्या समोरच्या शेजाऱ्यांनी आपल्या फ्लॅटचा भाव तिथल्या तिथे आठ लाखांनी वाढवला. त्यांना फ्लॅट विकायचा नव्हता. पण बसल्या बसल्या श्रीमंत व्हायला कुणाची हरकत असते?

मग सॅम्पल फ्लॅट. सॅम्पल फ्लॅटमध्ये शिरताना चपला काढायला लावतात. देवळात शिरताना माणूस प्रश्न विचारत नाही, हे त्यांना बरोबर कळलेलं असतं. आत गारवा, मंद पिवळा उजेड, भिंतभर आरसे आणि मोगऱ्यासारखा पण मोगऱ्याचा नसलेला वास. खोल्यांना दारं नव्हती. दार नसलं की खोली मोठी दिसते, आणि दार उघडायला लागणारी जागा कुठून येणार हा प्रश्नही पडत नाही. मला तर ते घर एवढं आवडलं की मी पलंगावर जाऊन आडवा झालो. पाय बाहेर आले. मी पाच फूट सात इंच आहे. पलंग माझ्याहून बुटका होता. बाजूचं कपाट उघडलं तर त्याची खोली एक वीत. हँगर सरळ लावला तर दार लागलं नसतं.

बायकोने पर्समधून शिवणकामाची टेप काढली. सेल्सचा मुलगा पहिल्यांदाच गप्प झाला. गेल्या वर्षभरात त्याच्या समोर इंजिनिअर आले असतील, सीए आले असतील. पण ब्लाउज बेतणारी टेप घेऊन आलेली बाई बहुधा पहिलीच. तिने ओटा मोजला, ओट्याची उंची मोजली, कुकर ठेवल्यावर वर किती उरतं ते बोटांनी पाहिलं. मग फ्रीजच्या कोनाड्यासमोर उभी राहून तिने हवेतच फ्रीजचं दार उघडलं आणि तशीच थांबली.

"फ्रीज उघडला की ड्राय बाल्कनीचं दार उघडणार नाही."

"मॅडम, दोन्ही एकदम कोण उघडतं?"

"सकाळी सात वाजता?" ती म्हणाली, "आमच्याकडे सगळेच."

त्याने वहीत काहीतरी लिहून घेतलं. पुढे फ्लॅटचा ताबा घेतला तेव्हा आमच्या लक्षात आलं की फ्रीजचा कोनाडा तिथेच आहे, पण ड्राय बाल्कनीचं दार आता बाहेरच्या बाजूला उघडतं. वाघोलीच्या भूगोलावर आमच्या घराण्याचा एवढाच ठसा उमटला आहे.

क्षेत्रफळाचं प्रकरण तेव्हाच निघालं. 2017 च्या मे महिन्यात महारेरा सुरू झाल्यापासून घर कार्पेट एरियावर विकायचं असतं. पूर्वी जिना, लिफ्ट, गच्ची आणि बहुधा बिल्डरच्या आशाआकांक्षा असं सगळं मिळून 'सेलेबल' एरिया व्हायचा. आता ते चालत नाही. पण जुन्या सवयी जात नाहीत. "सर, सेलेबल म्हणाल तर नऊशे, रेरा कार्पेट सहाशे चाळीस," तो म्हणाला, जणू दोन्ही माझेच. बरं, कार्पेट म्हणजे गालिचा अंथरता येईल तेवढी जागा, असा माझा समज होता. तोही संपला. आतल्या खोल्यांमधल्या भिंती कार्पेटमध्ये धरतात. त्या भिंतींखाली मी कुठला गालिचा घालणार होतो ते विचारायचं राहून गेलं.

किंमत साडेबासष्ट लाख. त्यात सहाव्या मजल्याचा फ्लोअर राइज आला. म्हणजे जितके वर जाल तितका प्रत्येक मजल्याचा जादा भाव. का, तर व्ह्यू. खिडकीतून खरंच सुंदर दिसत होतं. समोर हिरवा चौकोन, एक बांध, बांधावर बाभूळ, बाभळीखाली बैल. लांब कुठेतरी खाणींच्या टेकडीची कापलेली कड. "मॅडम, हा व्ह्यू तुमचा आहे," असं त्याने सांगितलं आणि पुढे ते वाक्य टाकलं ज्याच्यावर आमचा निकाल लागला: "खरं सांगू का सर, रोज वीस फॅमिली येतात. पण तुमच्यासारखे अभ्यासू क्लायंट मी आजपर्यंत पाहिले नाहीत." बायकोच्या हातातली टेप खाली आली. माझी मान किंचित ताठ झाली. आम्हाला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं जातंय हे आम्हा दोघांनाही चांगलं कळत होतं. पण त्या झाडावरून व्ह्यू काय दिसत होता!

आता साडेबासष्ट लाखांवर सरकारी देणी. बांधकाम चालू असलेल्या घराला पाच टक्के जीएसटी, म्हणजे 3,12,500. मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून सात टक्के, म्हणजे 4,37,500. नोंदणीचे वेगळे 30,000. फ्लॅट एकट्या बाईच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट, म्हणजे 62,500 वाचतात. इतक्या पैशात दोघांचे पाय मावतील असे पलंग येतात. तेव्हा फ्लॅट बायकोच्या नावावर घ्यायचा ठरला. अण्णांनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे तू पुन्हा भाडेकरूच."

पन्नास लाखांपेक्षा महाग घर घेतलं की विकणाऱ्याला पैसे देताना त्यातून एक टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरावा लागतो. तेही बरोबर 62,500 च निघाले. नोकरी लागल्यापासून आमच्या घरात दोघांचाही टीडीएस कुणी ना कुणी कापतच आलंय. पहिल्यांदाच आमच्यापैकी कुणीतरी दुसऱ्याचा कापला, आणि तोही बिल्डरचा. बायकोने ऑनलाइन फॉर्म भरून शेवटचं बटण दाबलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते पुढे वास्तुशांतीच्या दिवशीसुद्धा दिसलं नाही.

कर्ज पन्नास लाख, वीस वर्षं, साडेआठ टक्के. हप्ता 43,391 रुपये. वीस वर्षांत बँकेला एकूण 1,04,13,840 द्यायचे. हा आकडा मी एकदाच पाहिला आणि खिडक्यांचे पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे यावर बोलू लागलो. आमची मुलगी तेव्हा चौथीत होती आणि तिला नुकतंच क्षेत्रफळ शिकवलं होतं. नवीन शिकलेलं गणित मुलांच्या हातात मिळालेल्या रंगखडूसारखं असतं, भिंत दिसली की चाललं. तिने विचारलं, "बाबा, दर महिन्याला किती घर आपलं होणार?"

आम्ही बसलो. पहिल्या हप्त्यातले 35,417 रुपये व्याज. मुद्दल फिटणार 7,974. आता एक चौरस फूट साधारण 9,766 रुपयांचा. घरातली फरशी दोन बाय दोनची व्हिट्रिफाइड, म्हणजे चार चौरस फूट. दुकानात हीच फरशी दोनशे-अडीचशेला मिळते. आमच्या घरात बसली की 39,000 च्या वर जाते. थोडक्यात, पाच हप्त्यांना एक फरशी. सुरुवातीला भरलेल्या साडेबारा लाखांत मात्र एकशे अठ्ठावीस चौरस फूट सुटले होते. म्हणजे सोफ्यापासून टीव्हीपर्यंतचा हॉल आमचा आणि बाकी घर बँकेचं. मुलीने हे मनावर घेतलं. राहायला गेल्यावर तिने हॉल संपतो तिथे फरशीच्या सांध्यावर खडूने रेघ ओढली आणि पलीकडे लिहिलं: बँक.

दस्तनोंदणीचा दिवस. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात सकाळी साडेदहाला गेलो आणि टोकन हातात धरून खुर्चीवर बसलो. करारनामा एकशे चाळीस पानांचा. बायकोने प्रत्येक पानावर सही केली; साठाव्या पानानंतर तिची सही माहेरच्या नावाने यायला लागली. ओळख पटवायला दोन माणसं लागतात. एक मित्र आणि एक अण्णा. आयुष्यात पहिल्यांदा अण्णा सुनेला ओळखतो असं सांगायला सरकारी कार्यालयात आले होते आणि त्यांनी त्यासाठी कोट घातला होता.

कॅमेऱ्यासमोर फोटो झाला, मग अंगठा. अण्णांचा अंगठा यंत्राला दिसेना. ऑपरेटर मुलगी म्हणाली, "आजोबा, कपाळावर घासा." कपाळाचं तेल अंगठ्याला लागलं की ठसा उमटतो, हे त्या कार्यालयात सगळ्यांना माहीत असतं, रांगेतला प्रत्येक माणूस नशीब पुसल्यासारखा कपाळ चोळत उभा होता. अण्णांनी चोळलं. नाही. डोक्यावर घासा म्हणाली, पण तिथे केसांना सोडून बराच काळ झालाय. एकतीस वर्षं अण्णांनी छापखान्यात शिशाचे खिळे जुळवले. ओळीमागून ओळ, उलट्या अक्षरांची. उजव्या अंगठ्याच्या रेघा त्या खिळ्यांनीच नेल्या. ते त्या मुलीला म्हणाले, "अहो, सगळ्या पुण्याचं छापलंय या अंगठ्याने. त्याचंच काही छापायचं राहिलं." मुलगी हसली आणि म्हणाली, "डावा द्या." डावा पहिल्या फटक्यात उमटला. परत येताना रिक्षात अण्णा बराच वेळ दोन्ही अंगठे शेजारी शेजारी धरून बघत होते.

ताबा मिळायच्या तारखा किती बदलल्या ते सांगत नाही, ज्याने घर घेतलंय त्याला ठाऊक आहे आणि ज्याने घेतलं नाही त्याला घाबरवायचं कशाला. दर रविवारी आम्ही जाऊन स्लॅब बघायचो. दुसरी माणसं सिनेमाला जातात. आम्ही खाली उभे राहून माना वर करून मजले मोजायचो आणि सहाव्या जागी आकाश असेल तर आकाशाकडे 'आपला बेडरूम' म्हणून बोट दाखवायचो. मग एक दिवस आकाश गेलं, भिंत आली.

राहायला गेलो. वाघेश्वराच्या देवळात जाऊन आलो, लिफ्टमध्ये चार जणांशी ओळख झाली. एक लातूरचे, एक गोरखपूरचे, एक कोल्हापूरचे आणि एक आठ महिन्यांपूर्वी आलेले, म्हणून स्वतःला इथले जुने समजणारे. पत्ता सांगायला गेलो तर इटालियन नाव रिक्षावाल्याला कळेना. "गोठ्यामागची बिल्डिंग का?" असं त्याने विचारलं. तेव्हापासून आम्ही गोठ्यामागे राहतो. आणि व्ह्यू? पहिल्या पावसाळ्यातच बांधावर पत्रे लागले, पत्र्यांवर 'फेज टू' आलं, बैल कुठे गेला कळलं नाही. आता आमच्या खिडकीतून समोरच्यांची ड्राय बाल्कनी दिसते. त्यांचं दार आतल्या बाजूलाच उघडतं.

पाणी टँकरचं. गाव शहरात कागदावर एका दिवसात येतं, नळातून यायला त्याला वेळ लागतो. सोसायटीत दीडशे घरं. माणशी रोज एकशे पस्तीस लिटरचा नेहमीचा हिशेब धरला तर दहा हजार लिटरचे आठ टँकर होतात. आठ कधीच येत नाहीत. सहा येतात आणि बाकीच्या दोन टँकरांची आम्ही मीटिंग घेतो.

पाण्याच्या कमिटीवर माझी निवड अशी झाली की त्या मीटिंगला मी उशिरा पोचलो. म्हणून टँकरवाल्यांना भेटायला गेलो. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. पासष्टी उलटलेली, पांढरा पायजमा, पांढरी टोपी, चार टँकर आणि विहिरीच्या कठड्यावर एक प्लास्टिकची खुर्ची. मी सोसायटीचं नाव सांगितलं. दोन्ही उच्चारांनी सांगितलं. त्यांच्या कपाळावरची आठी तशीच.

"म्हंजी ती गोठ्यामागली," ते म्हणाले. "तुमी सायेब हरभऱ्यात ऱ्हाता का ज्वारीत?"

मला कळेना. आप्पांनी बसल्या जागेवरून बोट फिरवलं. ए विंग म्हणजे त्यांची ज्वारी. क्लबहाऊस म्हणजे कांद्याची चाळ. पोहण्याचा तलाव जिथे प्रस्तावित आहे तिथे भुईमूग चांगला यायचा, कारण तिथे पाणी लागायचंच नाही. आणि बी विंग म्हणजे हरभरा. "कसला हरभरा व्हता म्हनून सांगू! गुडघ्याच्या वर येत नसतो हरभरा, पर माझा यायचा."

"आम्ही बी विंग," मी म्हणालो. "सहावा मजला."

"म्हंजी हरभऱ्यात," ते म्हणाले. "लई उंच गेला."

आम्हाला चढवलं ते झाड खरोखरचं होतं, हे मला असं इतक्या उशिरा कळलं. सगळी जमीन दिलीत मग विहीर कशी राहिली, असं मी विचारलं. आप्पा म्हणाले, "बिल्डर म्हनला, विहीर बी द्या. म्हनलं, जमिनीवर घरं बांधशील, विहिरीवर काय बांधनार? ती ऱ्हाऊ दे मला." एवढं बोलून त्यांनी वही काढली. नकाशे, प्रस्ताव, मंजुरी असं काही न बघता वाघोलीचं भविष्य ज्याला कळलं असा मी पाहिलेला हा एकटाच माणूस.

मागच्या महिन्यात हप्त्यांना वर्ष झालं. मुलीने कागदावर हिशेब केला: अडीच फरश्या. बुद्धिबळातला घोडा अडीच घरं एका उडीत जातो, आम्हाला बारा महिने लागले. पण समारंभ झाला. हॉलपुढच्या पॅसेजमधल्या दोन फरश्यांवर तिने खडूने फुली मारली, तिसरीवर तिरकी रेघ ओढून अर्धी केली आणि 'बँक' हा शब्द पुसून पुढे सरकवला. त्यासाठी अण्णाही आले होते, पहिल्यांदाच मुक्कामाला. टोपी, पाण्याची बाटली, आणि शनिवार पेठेतून निघून तीन तास झाल्यामुळे थोडे रागावलेले. हॉलमधल्या खुर्चीवर बसून त्यांनी चहा घेतला, सगळीकडे बघितलं, चांगलं आहे म्हणाले नाहीत, वाईट आहे असंही म्हणाले नाहीत. मग हातपाय धुवायला उठले. पॅसेजच्या तोंडाशी नातीने त्यांना अडवलं.

"आजोबा, पुढे बँक आहे."

अण्णांनी खाली पाहिलं. खडूची अक्षरं त्यांनी सवयीने उलटी वाचली असावीत. "न्हाणीघर कोणाकडे?"

"बँकेकडे. अजून सात फरश्या आहेत."

"मग त्यांची परवानगी घेऊन जातो," असं म्हणून अण्णा अडीच फरश्यांवरून अलगद पाय टाकत गेले आणि आतून कडी लागली. नळ फिरवल्याचा आवाज आला. मग नुसती हवा आल्याचा. मग बराच वेळ काहीच नाही.

"अरे," आतून आवाज आला, "साबण लावलाय मी!"

मी खिडकीकडे धावलो. खाली गेटमधून टँकर मागे मागे येत होता आणि शेजारी उभा राहून आप्पा हातवारे करत होते. मी सहाव्या मजल्यावरून ओरडलो, किती वेळ म्हणून. त्यांनी तोंडाशी हाताचा कर्णा केला.

"सोडलं सायेब, हरभऱ्याला पानी सोडलं! ईस मिन्टांत चढंल!"